गेंडा ताट घेऊन येतो

गेंड्यानं ताट टेबलावर ठेवलं, बाकावर आधी एक पाय टाकला, मग दुसरा, आणि चष्मिसच्या शेजारी बसून मान खाली घालून जेवायला लागला. पडद्यासमोर बसून तिनं तोंडाशी नेलेला चहाचा कप तिथंच थांबला. असं व्हायचं नव्हतं. या क्षणाला गेंड्यानं चष्मिसच्या पाठीत ठोसा घालायचा होता, चष्मा उडून फरशीवर पडायचा होता आणि तो उचलायला नवा मुलगा, म्हणजे खेळणारा माणूस, पुढं यायचा होता. मग भांडण, भांडणापायी शिक्षा, शिक्षा चुकवायला पळापळ, आणि तिथून अख्खा खेळ मोकळा: काळ्या दगडाचं ते दांडगट पोरांचं वसतिगृह, त्याच्या गच्च्या, तळघरातली भट्टी, भिंतीपलीकडचं गाव, सायकली, भटकी कुत्री, जिकडं पाय नेतील तिकडं. एवढा मोठा पसारा त्या एका ठोशाला टांगलेला. ठोसा पडला की जेवणघराचं दार उघडायचं, नाही तर नाही. आणि गेंडा इकडं पावाचा तुकडा मोडून रश्शात बुडवत होता.

‘तुझा गेंडा माणसाळला बघ,’ टेस्टर म्हणाला. दिवसभर खेळ खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे टेस्टरचं काम. त्याची आई नातेवाइकांना तो ‘कॉम्प्युटरमध्ये असतो’ एवढंच सांगायची. ‘परत लाव,’ ती म्हणाली. ‘अगं, किती वेळा लावू? दर वेळी जेवतोय. ताट पुसून खातोय. आमच्या घरी मी असा जेवलो असतो तर आईनं नजर काढली असती.’ त्यानं तरी परत लावलं. घंटा झाली, मुलं धावत आत आली, रांग लागली. गेंडा रांग मोडून पुढं घुसला, ताट घेतलं, मान वळवून हॉलभर बघितलं आणि सरळ चष्मिसकडं निघाला. चष्मिस खांदे वर करून बसलेला. गेंडा त्याच्या मागं येऊन उभा राहिला, जरा थांबला, आणि बसला. पुन्हा तेच. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. चूक सापडली की एरवी तिला राग यायचा, स्वतःचा. आज राग आला नाही. आज तिला पुन्हा बघायचं होतं.

या खेळातली गर्दी तिची होती. इमारती दुसऱ्यांनी बांधल्या, चेहरे आणखी कुणी काढले. पण मुलं कुठं जातात, कुणाला टाळतात, घंटा झाली की कोण धावतं आणि कोण रेंगाळतं, हे तिनं लिहिलेलं. प्रत्येक मुलाच्या पोटात तिनं चार आकडे ठेवले होते: भूक, राग, भीती आणि एकटेपणा. ते सतत कमीजास्त व्हायचे आणि त्यांच्या जोरावर मुलं चालायची. ठोसा का पडत नाही हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही, आणि सापडल्यावर ती खुर्चीत मागं रेलून स्वतःशीच हसली. दांडगट मूल सगळ्यात एकट्या मुलाला गाठतं, हा तिचा पहिला नियम. ज्याचे हात भरलेले आहेत त्याला मारता येत नाही, हा दुसरा. तो तिनं मागच्याच आठवड्यात घातला होता, कारण पोरं पुस्तकांच्या चळतीसकट ठोसे मारत होती आणि ते भलतंच दिसत होतं. ताट घेतलेल्यानं जवळच्या रिकाम्या जागी बसून जेवावं, हा तिसरा. आणि पोट भरलं की राग उतरतो, हा चौथा; तो तिनं आपल्या वडिलांवरून घेतला होता. चारही नियम बरोबर होते. त्यांची बेरीज मात्र कुणीच केली नव्हती. सगळ्यात एकट्या मुलाच्या शेजारची जागा नेहमी रिकामीच असणार. तेव्हा गेंडा मारायला म्हणून निघतो, हातात ताट, मारता येत नाही, जागा रिकामी, बसतो, जेवतो, राग उतरतो आणि हात पुसत निघून जातो. चष्मिसचा एकटेपणाचा आकडा खाली येतो. दोघांनाही कळत नाही काय झालं ते.

टेस्टरच्या खुर्चीमागं एव्हाना गर्दी जमली होती. चेहरे काढणारी मुलगी म्हणाली, गेंड्याच्या कपाळावर मी एवढ्या आठ्या काढल्या त्या वाया गेल्या. कुणी म्हणालं, त्याला दूध पण द्या. ‘काय सर्कस लागलीय इथं?’ म्हणत मुकादम आला. मुकादम हे त्याचं हुद्द्याचं नाव नव्हतं, पण अख्ख्या मजल्याचं काम त्याच्या डोक्यावर होतं आणि तो चालायचाही तसाच, मागं हात बांधून, वीट कुठं वाकडी बसलीय ते शोधत. त्यानं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. ‘छान आहे,’ तो म्हणाला. ‘गोड आहे. काढून टाक.’

‘राहू दे ना जरा,’ ती म्हणाली.

‘बाई, दांडगट पोरांच्या वसतिगृहाचा खेळ आहे आपला. पहिल्याच जेवणाला दांडगट असा शहाण्यासारखा जेवायला लागला तर आपण लोकांना काय शिकवतोय? तोंड मिटून चावावं?’ सगळे हसले, तीही हसली. मुकादम हसला नाही. ‘उद्या सकाळी बाहेरची मंडळी येणार खेळून बघायला. त्यांना आवडला तर खेळ पुढं, नाही तर दोन वर्षांचं काम कपाटात आणि आपण आपापल्या घरी. दार उघडत नाही तुझ्या गेंड्यापायी. मंडळी काय जेवणघरात कोंडून घेऊन त्याचं जेवण बघणार? ताट बाजूला ठेव म्हणावं आणि मार. एका ओळीचं काम आहे.’

एका ओळीचंच होतं. तिनं ती ओळ लिहायला घेतली आणि अर्ध्यावर थांबली. पडद्यावर गेंडा चष्मिसच्या मागं ताट घेऊन थिजलेला होता, चष्मिसचे खांदे कानांना टेकलेले. ते खांदे तिनं स्वतः सांगून तसे करवून घेतले होते. भ्यालेला माणूस डोकं वाकवतो असं सगळे म्हणतात, पण तसं नसतं. आधी खांदे वर येतात. हे तिला ठाऊक होतं कारण लहानपणी वसतिगृहातलं पहिलं अख्खं वर्ष तिचे खांदे तसेच होते. वडिलांची सतत बदली, म्हणून तिला तिथं ठेवलेलं. लांबच लांब जेवणघर, भिंतीला लावलेले बाक, पाण्याच्या पिंपाचा गंजका वास, आणि भिंतीकडं तोंड करून जेवणारी ती. भिंतीच्या रंगाचा एक पोपडा निघाला होता, त्याचा आकार एखाद्या बेटासारखा. जेवताना ती त्या बेटाच्या किनाऱ्यानं डोळ्यांनी चालत जायची, म्हणजे मागचं काही ऐकू यायचं नाही. तिला सगळ्या सुतळी म्हणायच्या. आणि तोफ होती. तोफेचं खरं नाव एका फार नाजूक फुलाचं होतं, हजेरीला ते ऐकलं की नव्या मुलींना हसू फुटायचं, आणि मग त्या पुन्हा कधी हसायच्या नाहीत. तोफ बादल्या जिन्यावरून खाली सोडायची, वेण्या खाटेच्या गजाला बांधायची, न्हाणीघराला बाहेरून कडी घालून गाणी म्हणायची. तर एके दिवशी दुपारी हीच तोफ ताट घेऊन आली, तिच्या मागं उभी राहिली, जरा थांबली, आणि शेजारी बसली. खांदे कानांपर्यंत गेले होते. ठोसा आला नाही. जाडजूड आवाज आला: ‘तू तो बटाटा खाणार नाहीयेस ना?’ आणि उकडलेला बटाटा ताटातून नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी तोफ पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी सुतळीला कळलं की भिंतीवरच्या बेटाकडं तिचं लक्षच गेलं नाही.

ही गोष्ट तिनं सगळ्यांना सांगितली होती. कॉलेजात सांगितली, लग्न ठरताना नवऱ्याला सांगितली, सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी डोळे पुसले. गोष्टीचा शेवट नेहमी एकच असायचा: एवढ्या हॉलमध्ये तिनं मला बघितलं. मी एकटी आहे हे एका माणसाला दिसलं, आणि तेही त्या माणसाला. तिच्या सगळ्या धीटपणाच्या बुडाशी ही एक वीट होती. मुलाखतीला जाताना, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा एकटीनं यंत्र लावताना, परक्या शहरात खोली शोधताना ती मनात म्हणायची, मला कुणीतरी निवडलं होतं. आणि आता समोर पडद्यावर तीच गोष्ट चालली होती आणि तिच्यात कुणी कुणाला निवडलं नव्हतं. भरलेले हात, रिकामी जागा, भूक. गेंड्याच्या आत बघायची तिला सोय होती. तिथं चष्मिसबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं. तोफेच्या आत काय होतं? प्रयोगशाळेतल्या तिच्या बाई सांगायच्या, जे दिसलं ते आधी लिहा, लाजायचं ते मग लाजा. आपण अठरा वर्षं फक्त जे आवडलं तेच लिहिलं की काय? तोफेला विचारायला हवं असं तिला वाटलं आणि त्याच क्षणी विचारू नये असंही. फुलपाखराचा पंख बोटात धरला की बोटाला रंग लागतो. पंख उरतो, पण पहिल्यासारखा नाही.

ती फोन घेऊन मागच्या जिन्यात गेली. तोफ आता मोटार चालवायला शिकवते, तिची स्वतःची शाळा आहे, दोन गाड्या आहेत आणि दोन्हींच्या छपरावर तिचं ते नाजूक नाव मोठ्या अक्षरांत आहे.

‘बोल सुतळे. थांब. काका, आरसा. आरशात भांग नाही बघायचा, मागची गाडी बघायची. हं, बोल.’

‘तू गाडीत आहेस. मग नंतर करते.’

‘नंतर काय? मी दिवसभर गाडीतच असते. चालवतायत काका, मी नुसती जीव मुठीत धरून बसलेय. बोल गं.’

तिनं घसा साफ केला. ‘तू त्या दिवशी माझ्या शेजारी का येऊन बसलीस?’

‘कुठल्या दिवशी?’

‘पहिल्या. जेवणघरात. बटाट्याच्या.’

पलीकडं गिअरचा कर्रकन आवाज झाला. ‘काका, त्याला पण जीव आहे. आधी क्लच. डावा पाय. तुमचा डावा, माझा नाही.’ मग तिला, ‘का म्हणजे काय? पंखा.’

‘पंखा?’

‘तुझ्या डोक्यावर पंखा होता. बाकीचे सगळे मेलेले. तेवढा एकच चालू होता, आणि त्याच्याखाली सुतळी. मी म्हटलं, हिला हलवायची काय गरज, मावतो की दोघी.’

ती हसली. हसू खरं होतं, पण त्याच्याखालून काहीतरी निसटत चाललं होतं आणि ते तिला कळत होतं. म्हणजे गेंडाच. तिनं जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. ‘म्हणजे मी नसते, दुसरी कुणी असती, तरी...’

‘तरी काय? तरी बसले असते. उकडत होतं गं. पण दुसऱ्या दिवशी पंखा कुठं होता? दुसऱ्या दिवशी तर वीजच नव्हती.’

‘मग?’

‘मग काय, तू सरकलीस ना. मी ताट घेऊन वळले आणि तू मला बघून अशी भिंतीच्या बाजूला सरकलीस. अख्खा बाक मोकळा होता, सरकायचं कारण नव्हतं. तरी सरकलीस.’ तोफेचा आवाज जरासा खाली आला. ‘मला बघून लोक उठून जायचे, सुतळे. सरकून जागा कुणी दिली नव्हती. मला वाटलं, ही बया जागा धरून बसलीय माझ्यासाठी. म्हटलं, मग आता जायलाच पाहिजे.’

तिला तो बाक आठवला. त्याची गुळगुळीत झालेली कड, मांडीला लागणारा गार खिळा. सरकल्याचंही आठवलं. का सरकली तेही आठवलं, लख्ख, जणू आत्ताच घडतंय, आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले. ‘अगं, मी घाबरून सरकले होते.’

‘काय?’

‘तू पुन्हा आलीस म्हणून. काल राहून गेलं ते आज मारशील असं वाटलं. लांब जायला बघत होते, पण पुढं भिंत होती.’

आणि तोफ हसायला लागली. वसतिगृहाच्या तीन मजल्यांना ऐकू जायचं ते हसू, त्यात दम लागणं होतं, डॅशबोर्डवर हात आपटणं होतं. मधेच एक म्हातारा आवाज घाबरून विचारत होता, ‘काय झालं मॅडम, माझं काही चुकलं का?’ ‘नाही काका, तुम्ही चला सरळ. आज तुम्हाला सगळं माफ.’ मग पुन्हा हसू. आता हीसुद्धा हसत होती, जिन्यात, कठड्याला धरून, वरच्या मजल्यावरचं कुणीतरी वाकून बघेपर्यंत. ‘गधडे,’ तोफ धापा टाकत म्हणाली, ‘मी तुला अठरा वर्षं दिलदार समजतेय.’

‘आणि मी तुला देवमाणूस. सासूबाई रडल्या होत्या तुझ्यापायी.’

‘पंख्यापायी रडल्या म्हण.’

‘तुला वाईट नाही वाटलं?’

‘कशाचं? तू घाबरून सरकलीस, मी बसले. बसले की नाही? मग झालं तर. काका, काका, काका, ब्रेक! ठेवते गं.’

ती जिन्यातच उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी हसण्याचं होतं, बहुतेक. निसटलेलं काय होतं ते ती शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. उलट खिशात हात घालावा आणि ठेवल्यापेक्षा जास्त निघावं तसं काहीतरी झालं होतं. कुणी कुणाला निवडलं नव्हतं, हे आता नक्की. एकीला वारा हवा होता, दुसरीला पळायचं होतं. पण एकीच्या पळण्यात दुसरीला जागा दिसली, आणि जे दिसलं ते नव्हतंच, आणि तरी त्या नसलेल्या जागेवर बसून त्या दोघी मोठ्या झाल्या. एकमेकींच्या लग्नांत राबल्या, एकमेकींच्या आजारपणात दवाखान्याच्या खुर्च्यांवर झोपल्या. विटेच्या जागी वीट नव्हती. घर मात्र उभं होतं, आणि तिला एकदम वाटलं की अशी घरंच जास्त मजेची. शाळेत पहिल्यांदा भिंगातून थेंबातले जीव बघितले होते तेव्हा अंगभर जे झालं होतं ते आत्ता झालं. कुणी आखलेलं नसताना होतं हे! खालून वर येतं, आपोआप, चुकत चुकत!

जागेवर येऊन तिनं मुकादमाची ओळ लिहून टाकली: ताट बाजूला ठेव आणि मार. प्रामाणिकपणे लिहिली. मग आणखी एक नियम घातला. बाकावर बसलेलं मूल घाबरलं तर उठून पळत नाही, ते सरकतं. हे खरं होतं, ती स्वतः त्याची साक्षीदार होती, आणि आजवर ते खेळात नव्हतं. मुकादम मागून वाकून वाचत होता. ‘सरकणं झकास,’ तो म्हणाला. ‘बिचारं दिसेल. मग ठोसा आणखी लागेल मनाला.’ ठोसा मारणं आणि शेजारच्या रिकाम्या जागी बसणं, दोन्हींचं वजन तिच्या नियमांत सारखंच होतं. रिकामे हात असतील तर काय जिंकेल हे तिला सांगता आलं नसतं. एक आकडा किंचित वाढवला तर सांगता आलं असतं. तिचं बोट त्या आकड्यावर गेलं. तराजूत आपणच फुंकर मारायची आणि मग वजन बघायचं, याला काय अर्थ? ठोसा पडला तर पडला. तिनं हात मांडीवर ठेवले आणि टेस्टरला म्हणाली, ‘लाव.’

घंटा झाली. गेंडा रांग मोडून आला, ताट घेतलं, हॉलभर बघितलं, निघाला. चष्मिसच्या मागं आला. ताट शेजारच्या टेबलावर ठेवलं. ‘शाब्बास,’ मुकादम म्हणाला. गेंड्याची मूठ वळली, कोपर मागं गेलं. चष्मिसचे खांदे वर आले, आणि तो सरकला, थोडासाच, भिंतीच्या बाजूला. बाकावर एका माणसाएवढी जागा झाली. गेंड्याची मूठ हवेतच राहिली. तिच्या स्वतःच्या खांद्यांना काय झालं होतं ते तिला नंतर कळलं. गेंड्यानं बाकावर एक पाय टाकला. मग दुसरा. वळलेली मूठ तशीच टेबलावर ठेवून तो चष्मिसच्या शेजारी बसला.

टेस्टर ओरडला, आणि चेहरे काढणारी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. पडद्यावर ते दोघं बसूनच होते. पुढ्यात ताट नव्हतं, म्हणजे जेवण नव्हतं, म्हणजे राग उतरत नव्हता, पण उठायचा नियम ताट संपल्यावरचा. आणि ताट दुसऱ्या टेबलावर. हॉल रिकामा झाला तरी दोघं आपले बसलेले, एक मूठ आवळून, एक खांदे चढवून, समोर बघत. ‘अडकले की गं हे,’ टेस्टर म्हणाला. तिनं मुकादमाकडं बघायचं टाळलं. उद्याच्या सकाळची तिला धास्ती वाटत होती आणि तरी तिला हसू आवरत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे तिला नवीन होतं.

‘आण इकडं,’ मुकादम म्हणाला. तिला वाटलं, कीबोर्ड. पण त्यानं टेस्टरच्या हातातला कंट्रोलर घेतला, त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसला. दाराशी इतका वेळ विसरलेला नवा मुलगा हलला. मुकादमानं त्याला शेजारच्या टेबलापाशी नेलं आणि गेंड्याचं ताट उचललं. या खेळात काहीही उचलता यायचं. आजवर सगळ्यांनी दगड उचलले होते.

‘मंडळींना उद्या हे दाखवायचं?’ टेस्टरनं विचारलं.

‘गप रे. सांडेल.’ मुकादमाची जीभ दातांत आली होती. ‘दार कशावर उघडायचं ते बघू मग.’ नवा मुलगा रिकाम्या हॉलमधून हळूहळू चालत आला आणि ताट गेंड्यापुढं ठेवलं. गेंड्याची मूठ उघडली. त्यानं पाव मोडला. आणि मग गेंडा, जो कुणाच्या बापाला भीत नव्हता, बाकावर जरासा सरकला. चष्मिस भिंतीला चिकटला. कडेला एक जागा झाली. हे का झालं ते तिला ठाऊक नव्हतं. कुठंतरी आणखी एक बेरीज राहिली असणार, आणि ती शोधायच्या कल्पनेनंच तिला भूक लागल्यासारखं झालं.

मुकादम कंट्रोलरची बटणं एकामागून एक दाबत होता. नव्या मुलानं उडी मारली. मग हवेत ठोसा मारला. मग शिट्टी वाजवली. गेंडा आणि चष्मिस वाट बघत असल्यासारखे बसले होते. ‘अरे, बसायचं बटण कुठलं?’ मुकादम वैतागून म्हणाला. ‘याला बसवायचं कसं?’

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. इतक्या दिवसांत खेळणाऱ्याला कधी कुणाच्या शेजारी बसावंसं वाटेल, हे मजल्यावर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते बटण नव्हतंच.

‘थांबा,’ ती म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढली. ‘करते.’